वाढीचा निर्णय आणि पैशाची मुदत

उद्योग बुडतो तो मालाला मागणी नसल्यामुळे, असा एक सर्वसाधारण समज आपल्याकडे रूढ आहे, आणि ज्या कारखान्याने अद्याप बाजारात नीट पाऊलही रोवलेले नाही त्याच्यापुरता तो खराही आहे. परंतु ज्याचा माल नावाजलेला, ज्याची गिऱ्हाइके बांधलेली, ज्याचे कामगार कसलेले आणि ज्याच्या हाती पुढील वर्षभर पुरतील एवढी मागणीपत्रे आलेली आहेत, असा कारखाना ऐन भरभराटीच्या दिवसांत पगाराच्या तारखेला रोकड नाही म्हणून अडून बसावा, हे दृश्य भोसरी-चाकणपासून शिरोली-गोकुळ शिरगावपर्यंतच्या आपल्या औद्योगिक वसाहतींत इतके परिचयाचे झाले आहे की, त्याचे कोणाला नवलही वाटेनासे झाले आहे. मला चिंता वाटते ती या नवल न वाटण्याची; कारण जे नित्य घडते त्याला माणूस नशिबाचा भाग समजू लागतो आणि त्याची कारणमीमांसा करण्याचे सोडून देतो.

माझे प्रतिपादन असे आहे की, कारखाना वाढवावा की नाही हा एक प्रश्न आणि त्या वाढीसाठी पैसा कोठून आणावा हा दुसरा, अशी जी विभागणी आपले कारखानदार मनाशी करून बसतात, तीच मुळात सदोष आहे. पैसा एकजिनसी नसतो. नव्वद दिवसांनी परत मागणारा पैसा वेगळा, सात वर्षांत हप्त्याहप्त्याने मागणारा वेगळा, आणि कधीच परत न मागता कारभारात वाटा मागणारा तर सर्वस्वी वेगळा. यांपैकी कोणता पैसा आपणास मिळण्याजोगा आहे, यावरूनच कोणती वाढ आपणास पत्करण्याजोगी आहे हे ठरत असते. मागणी आधी स्वीकारावयाची आणि पैशाची तजवीज मागाहून पाहावयाची, हा जो सर्रास चालणारा क्रम, तो उलटा आहे.

एक उदाहरण आकड्यांनिशी मांडून पाहू. आकडे सोयीसाठी गोल धरले आहेत, पण व्यवहार नेहमीचाच आहे. सीएनसी यंत्रांवर वाहनांचे सुटे भाग करून देणारा एक कारखाना महिन्याला वीस लाखांचा माल एका मोठ्या कंपनीला पुरवितो. त्याला खर्च अठरा लाख येतो आणि दोन लाख सुटतात. पोलाद आणले, ते कापून यंत्रावर चढले आणि उतरले, यात एक महिना जातो. माल उष्णतोपचाराला आणि मुलाम्याला बाहेर जाऊन परत येईतो पंधरा दिवस, आणि मोठ्या कंपनीच्या वेळापत्रकात आपली पाळी लागेपर्यंत तयार माल मांडणीवर पडून आणखी पंधरा. माल फाटकातून आत गेला, तपासणी झाली, बिल नोंदले गेले आणि पैसा खात्यावर जमा झाला, यात दोन महिने. म्हणजे खर्चाचा प्रत्येक रुपया सरासरीने चार महिने बाहेर अडकून असतो, आणि कोणत्याही दिवशी हिशेब केला तर कारखान्याचे बहात्तर लाख रुपये पोलादात, अर्धवट कामात आणि उधारीत रुतलेले आढळतात. आता ती मोठी कंपनी मागणी दुप्पट करते. घरात पेढे वाटले जातात. परंतु दुप्पट मागणी म्हणजे रुतलेल्या रकमेतही आणखी बहात्तर लाखांची भर, आणि दुप्पट झालेला नफाही महिना चार लाखच. तेव्हा एक पैसा कर न भरता, एक पैसा घरी न नेता आणि एकही नवे यंत्र न घेता, हा वाढीव खड्डा केवळ नफ्यातून भरून काढावयाचा म्हटले तरी दीड वर्षाचा संपूर्ण नफा त्यात ओतावा लागेल. माल मात्र पुढच्या महिन्यापासून हवा असतो! त्यातच वस्तू व सेवा कर बिलाच्या तारखेने लागू होतो. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला बिलाचा पैसा हाती येवो न येवो, पुढील महिन्याच्या वीस तारखेला सरकारचा भरणा करावाच लागतो.

अशा वेळी कारखानदार बँकेकडे जातो, आणि येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे की बँक त्याला रिक्त हस्ते परत पाठवीत नाही. लघुउद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी नायक समितीने १९९२ च्या सुमारास घालून दिलेला दंडक आजही सर्वत्र वापरात आहे: अपेक्षित वार्षिक विक्रीच्या पंचवीस टक्के एवढे खेळते भांडवल लागेल असे धरावयाचे, त्या पंचवीस टक्क्यांपैकी वीस टक्के बँकेने आणि पाच टक्के मालकाने घालावयाचे. आपल्या उदाहरणातील कारखान्याची दुप्पट झालेली विक्री वर्षाला चार कोटी ऐंशी लाख. तिच्यावर बँक शहाण्णव लाख देईल. पण हा दंडक तीन महिन्यांचे चक्र गृहीत धरतो आणि आपले चक्र चार महिन्यांचे आहे. गरज एक कोटी चव्वेचाळीस लाखांची आहे. उरलेले अठ्ठेचाळीस लाख मालकाने कोठून आणावयाचे, हे त्या दंडकात लिहिलेले नाही. शिवाय कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर झाली म्हणजे तेवढी रक्कम उचलता येतेच असे नव्हे. दरमहा स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते, त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलीची मर्यादा, काढली जाते, आणि त्या हिशेबात नव्वद दिवसांहून जुनी येणी बहुतेक बँका धरीत नाहीत. परिणाम असा की, मोठ्या गिऱ्हाइकाने बिल थकविले म्हणजे कारखानदाराचा पैसा तर अडकतोच, पण त्याच कारणाने त्याची उचल घेण्याची शक्तीही त्याच महिन्यात घटते. दोन्ही आघात एकाच दिवशी होतात, आणि तो दिवस बहुधा पगाराचा असतो.

मग काय घडते? खेळत्या भांडवलासाठी मिळालेली उचल नव्या यंत्राच्या आगाऊ रकमेत जाते; भविष्य निर्वाह निधीचा भरणा लांबतो; पोलादाच्या व्यापाऱ्याला पुढच्या तारखेचे चेक दिले जातात; आणि शेवटी शेकडा दोन-अडीचने महिन्याच्या बोलीवर खासगी सावकाराचा उंबरा चढावा लागतो. यांतील एकही पाऊल दुर्वर्तनाचे नसते. प्रत्येक पाऊल त्या आठवड्याची निकड भागविण्यासाठी टाकलेले असते, आणि तरीही सर्वांची मिळून बेरीज एकच होते, ती ही की दीर्घ मुदतीच्या कामात अल्प मुदतीचा पैसा जाऊन बसला.

हा दोष केवळ लहानांचा नव्हे. १९१३ साली लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची स्पेसी बँक कोसळल्या, आणि त्या पडझडीत स्वदेशी बँकांवरील लोकांचा विश्वास पार ढासळला. स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली खरी, पण पीपल्स बँकेचे दुखणे निराळे होते: ठेवीदार मागेल तेव्हा परत करावयाचा पैसा तिने उद्योगधंद्यांच्या दीर्घ मुदतीच्या कामांत गुंतविला होता. मुंबई-अहमदाबादच्या कापडगिरण्यांनीही, त्यांचा कारभार पाहणाऱ्या एजंट शेटजींच्या नावावर, लोकांच्या मुदत ठेवी घेऊन इमारती आणि चात्या उभ्या केल्या. तेजीत त्या ठेवी मुदत संपताच आपोआप पुढे चालू राहात, आणि १९३० नंतरच्या मंदीत ठेवीदारांनी पैसा परत मागितला तेव्हा चात्या विकून तो देता येण्यासारखा नव्हता. ही जुनी कहाणी म्हणून सोडून द्यावी, तर २०१८ साली आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेचा जो पाडाव झाला त्याचे मूळही तेच निघाले. रस्ते, बोगदे आणि वीजप्रकल्प यांसारख्या वीस-वीस वर्षांनी फळणाऱ्या कामांत गुंतलेल्या या समूहाच्या डोक्यावर नव्वद हजार कोटींहून अधिक कर्ज होते, त्यातील काही भाग थोड्या महिन्यांच्या मुदतीच्या कर्जरोख्यांवर उभारलेला होता, आणि ते रोखे फेडण्यासाठी नवे रोखे विकत घेणारे ज्या क्षणी मागे सरले त्या क्षणी सारा डोलारा खाली आला. पतमापन संस्थांनी थोड्याच दिवसांपूर्वी तिला सर्वोच्च श्रेणी दिलेली होती. शंभर वर्षांच्या अंतराने शिकलेसवरलेले लोक एकच चूक करतात, याचा अर्थ असा की ती अज्ञानातून होत नाही. अल्प मुदतीचा पैसा स्वस्त पडतो आणि लवकर मिळतो. मोह त्याचा आहे.

याच्या उलट, योग्य पैसा योग्य कामाला लावूनसुद्धा विस्ताराची वेळ चुकली तर काय होते, याचा सर्वांत बोधप्रद इतिहास टाटा पोलाद कारखान्याचा आहे, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. लंडनच्या बाजारात भांडवल मिळत नाही असे दिसल्यावर १९०७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत कंपनीचे भाग विक्रीस काढण्यात आले. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस. टाटांच्या कचेरीसमोर सकाळपासून रात्रीपर्यंत गर्दी लोटली, आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी सोळा लाख तीस हजार पौंडांचे भांडवल पुरे केले. पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, ते सर्वच्या सर्व ग्वाल्हेरच्या महाराज शिंद्यांनी एकट्याने घेतले. स्थिर मालमत्तेसाठी भागभांडवल, खेळत्या भांडवलासाठी रोखे, ही मांडणी निर्दोष होती. १९१२ साली पोलादाचा पहिला रस बाहेर पडला आणि महायुद्धाने मागणी अमर्याद केली. त्या तेजीतच कारखाना कित्येक पटींनी वाढविण्याची योजना आखली गेली. यंत्रसामग्री युद्धकालीन आणि युद्धोत्तर चढ्या भावांनी घ्यावी लागली, ती येण्यास विलंब झाला, मजुरी आणि कोळसा महागला, आणि विस्तार पुरा होत येतो न येतो तोच युरोपातील स्वस्त पोलादाचा पूर हिंदुस्थानच्या बंदरांवर येऊन आदळला. १९२४ साली जमशेदपुरात पगार देण्यापुरतीही रक्कम उरली नाही. सर दोराबजी टाटांनी तेव्हा आपली सर्व खासगी मालमत्ता, लेडी मेहेरबाईंचे जवाहीर आणि त्यांतील जगप्रसिद्ध ज्युबिली हिरा यांसह, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. त्याच वर्षी सरकारने पोलाद उद्योगास जकातीचे संरक्षण देणारा कायदा केला आणि कारखाना तरला.

या प्रसंगाचे वर्णन आपण नेहमी दोराबजींच्या त्यागाचे उदाहरण म्हणून करतो, आणि तो त्याग वंदनीय आहेच. पण व्यवसायशास्त्राच्या दृष्टीने त्यातील मर्म मला निराळे दिसते. आठ हजार भागधारकांचा पैसा परत मागितला जाण्यासारखा नव्हता. त्यांना लाभांश मिळाला नाही, भागांची किंमत उतरली, तरी कोणी कारखान्यावर जप्ती आणू शकत नव्हते. हेच भांडवल मुदत ठेवींचे किंवा पठाणी व्याजाचे असते, तर एक हिरा सोडाच, हिऱ्यांची खाण तारण ठेवूनही जमशेदपूर उभे राहिले नसते.

येथे मी आपल्या मराठी कारखानदारांच्या एका प्रवृत्तीविषयी स्पष्ट बोलू इच्छितो. भागीदार घेण्याची, बाहेरच्याला भाग देण्याची त्यांना कमालीची धास्ती वाटते. राहते घर गहाण टाकतील, गावाकडची जमीन तारण देतील, हमीपत्रावर जामीनदार म्हणून पत्नीची सही घेतील, पण वीस टक्के मालकी देऊन कोणाचा पैसा घेणार नाहीत. कारण विचारावे तर उत्तर येते, "आपल्या घामाने उभी केलेली गोष्ट, तिच्यात परका कशाला?" या भावनेचा मी अनादर करीत नाही. परंतु कायद्याने मर्यादित जबाबदारीची कंपनी काढावयाची आणि मग संचालकाने वैयक्तिक हमी देऊन तीच जबाबदारी अमर्याद करून घ्यावयाची, यात मालकी राखली जाते हा भ्रम आहे. ज्याचे घर बँकेकडे आहे त्याच्या कारखान्याचा खरा मालक कोण, हे पहिल्या दोन थकलेल्या हप्त्यांनंतर समजते. भागधारक तोट्याच्या वर्षी तोट्यात सहभागी होतो. सावकार कधीच होत नाही. त्याच्या बदल्यात भागधारक मागतो ते एवढेच की हिशेब उघडे असावेत, आणि घरखर्च व कारखान्याचा खर्च यांच्या वह्या वेगळ्या असाव्यात. अडचण बहुधा या मागणीपाशी आहे, मालकीपाशी नाही, असे माझे मत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावहून उठून १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर आला, तेव्हा महाराजांनी जागा दिली आणि कर्जही दिले, पण त्या पैशामागे वसुलीचा तगादा नव्हता. शेतकरी लोखंडी नांगर हाती धरण्यास कचरत असताना तो तगादा असता तर किर्लोस्करवाडी वसली नसती. आणि पुढे धंदा वाढला तेव्हा १९२० साली याच कुटुंबाने किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी केली. परका पैसा घेतल्याने कुटुंबाचे नाव पुसले गेले नाही, हे सांगावयास नकोच. सर्वच धंद्यांना हा एकच नियम लावावा असेही नाही. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात निघाली ती दहा हजार रुपयांवर. तिला चात्या नव्हत्या, भट्ट्या नव्हत्या, मालाचा साठा नव्हता, म्हणून बारा वर्षे ती बहुतांशी आपल्याच मिळकतीवर वाढू शकली आणि १९९३ मध्ये बाजारात आली. ओतशाळा चालविणाऱ्याने तिचा कित्ता गिरवू नये. त्याच्या धंद्याचे शरीरच वेगळे आहे. तसेच बाजारातून भागभांडवल मिळते म्हणून ते उधळावे असेही नाही. कापसाच्या तेजीने मुंबईत जे शेअरवेड माजले आणि १८६५ साली बॅकबेच्या भराव कंपनीसकट जे लयाला गेले, त्यातही भागभांडवल होतेच.

आता एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाही. पैशाचे गणित करीत बसणाऱ्यांनी कधी काही उभारले आहे काय, संधी काय थांबून राहते, वालचंद हिराचंदांनी असा हिशेब केला असता तर सिंधिया कंपनीची जहाजे समुद्रावर दिसली असती काय, असे विचारले जाईल. मला वालचंदांच्या साहसाविषयी नितांत आदर आहे, आणि म्हणूनच ते साहस कशावर उभे होते हे पाहावे असे वाटते. १९१९ साली लॉयल्टी ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली, आणि सिंधिया कंपनी उभी राहिली ती भागधारकांच्या पैशावर. पुढे ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून सिंधियाला बुडविण्याचा डाव टाकला. भाडेयुद्धात ज्याला दर तिमाहीस व्याज मोजावयाचे असते तो आधी मरतो. ज्याचे भागधारक वर्षानुवर्षे लाभांशाविना थांबण्यास तयार असतात तो तग धरतो. सिंधियाने तग धरला. तिला १९२३ साली जाचक अटींचा करार पत्करावा लागला, पण जहाजे तिची राहिली. साहस आणि हिशेब यांत विरोध आहे असे मानणे हे हिशेब टाळण्याचे एक भारदस्त निमित्त आहे.

म्हणून दुप्पट मागणीचे पत्र हाती आलेल्या कारखानदाराने पेढे अवश्य वाटावेत, पण त्यावर सही करण्यापूर्वी पुढील बारा महिन्यांचा रोकडीचा तक्ता मांडावा. त्यात येणी कागदावरच्या मुदतीने न धरता गिऱ्हाईक प्रत्यक्षात ज्या दिवशी पैसा देतो त्या दिवशी धरावीत. ज्या महिन्यात तक्ता उणे दाखवील त्या महिन्याचा पैसा कोणाचा आणि किती मुदतीचा, हे सहीपूर्वी ठरले पाहिजे. ठरत नसेल तर अर्धी मागणी घ्यावी, किंवा पोलाद गिऱ्हाइकाने पुरवावे आणि आपण केवळ मजुरीवर काम करावे अशी बोली करावी. खरेदी अधिकारी नाराज होईल. दुसऱ्या वर्षी तो बहुधा परत येतो, कारण वेळेवर चांगला माल देणारे त्यालाही फार सापडत नाहीत.

तथापि सगळा भार लहानांच्या शहाणपणावर टाकून मोठ्यांना मोकळे सोडणे न्याय्य होणार नाही. लहान कारखान्याचे चक्र चार महिन्यांचे होते त्यातील दोन महिने गिऱ्हाइकाच्या कचेरीत जातात. पुरवठादाराच्या बिनव्याजी पैशावर आपला ताळेबंद सजविणे ही आपल्या बड्या कंपन्यांची जुनी वहिवाट आहे, आणि वित्त विभागातील हुशार माणसे तिला कौशल्य समजतात. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघुउद्योगांचे देणे अधिकात अधिक पंचेचाळीस दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले आणि विलंबास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज ठरविले. २०१९ पासून अशा थकबाकीचे सहामाही विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे द्यावे लागते. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून मुदतीत न दिलेली रक्कम प्राप्तिकरात त्या वर्षी खर्च म्हणून वजाही मिळत नाही. कायदा आणखी काय करणार? तक्रार करणाऱ्या पुरवठादाराची पुढची मागणी बंद होते, हे त्याला ठाऊक असते आणि त्याच्या गिऱ्हाइकालाही ठाऊक असते, म्हणून ते व्याज मागण्यास फार थोडे धजतात. हे भय दूर करणे केवळ मोठ्यांच्याच हाती आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक मोठ्या कंपनीच्या संचालक मंडळाला माझी विनंती आहे की, आपल्या पुढच्याच बैठकीत लघुउद्योगांच्या देण्यांचा दिवसवार तक्ता मागवावा, आणि पंचेचाळीस दिवसांपलीकडे गेलेले प्रत्येक बिल, कोणी तक्रार करण्याची वाट न पाहता, त्याच महिन्यात व्याजासह चुकते करावे.